साक्ष फक्त बरं झालेल्यांनीच द्यायची का?

नगरची_लेक

सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

हा विषय मंडळीत काढायचा धीर होत नाही, म्हणून इथे लिहिते आहे. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझे मिस्टर गेल्या पावसाळ्यात गेले. स्वादुपिंडाचा कॅन्सर. डॉक्टरांनी सुरुवातीलाच फारशी आशा दाखवली नव्हती, पण आमच्या मंडळीने जे केलं ते मी जन्मभर विसरणार नाही. साखळी प्रार्थना लावली होती. दिवसरात्रीचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे भाग पाडून प्रत्येक वेळेपुढे नाव, असा वहीचा जोडकागद आमच्या फ्रिजवर चिकटवला होता. त्यात रात्री दोन ते अडीचपुढे रोज एकाच काकूंचं नाव. त्यांनी ती वेळ मागून घेतली होती. म्हणाल्या, गुडघे ठणकतात, झोप लागतच नाही, मग नुसतं कूस बदलत पडण्यापेक्षा हे बरं. पाळकसाहेबांनी तेल लावून प्रार्थना केली. महिला मंडळाने उपास धरले. आणि एवढं सगळं होऊन माणूस गेला.

देवाशी माझं भांडण चालू आहे, ते माझं मी आणि तो बघून घेऊ. मला विचारायचंय ते साक्षीबद्दल.

आमच्याकडे उपासनेत गीत झालं की पाळकसाहेब विचारतात, कुणाला साक्ष द्यायची आहे का. मग कुणीतरी उठतं. रिपोर्ट नॉर्मल आले. मुलाला व्हिसा मिळाला. लग्नानंतर इतक्या वर्षांनी घरात पाळणा हलला. मंडळी हालेलुया म्हणते, मीही म्हणते, अगदी मनापासून म्हणते. पण लहानपणापासून आजपर्यंत कुणी उभं राहून असं म्हटलेलं ऐकलं नाही की "आम्ही मागितलं होतं. मिळालं नाही. तरी मी इथे आहे." अशी माणसं मंडळीत नाहीत का? माझ्याच बाकावर आहेत. एकीचा तरुण मुलगा मोटरसायकलवरून गेला. एकीच्या नवऱ्याला अर्धांगवायू होऊन कित्येक वर्षं झाली, ती त्याला भरवून, पुसून, कपडे बदलून मग चर्चला येते. तिला आजवर कुणी म्हटलं नाही, की ये, पुढे ये, सांग.

आणि लोक समजूत काढतात ती कशी? "देवाची इच्छा." "चांगली माणसं देवाला लवकर हवी असतात." माती देऊन आलो त्याच आठवड्यात घरी बसायला आलेल्या एकाने सांगितलं, की ताई, विश्वासात कुठे कमी पडलात का ते एकदा तपासून पाहा. मी त्यांना चहा दिला. काही बोलले नाही.

तर माझा प्रश्न असा. ज्यांचं मागणं पदरात पडलं नाही, त्यांनी विश्वास धरून ठेवला तो कशाच्या आधारावर? पुस्तकी उत्तर नको. तुमच्या घरात, तुमच्या मंडळीत पाहिलेलं सांगा.

वडाळ्याचा

ताई, वाचलं. काय लिहावं कळत नाही. आज रात्री घरच्या प्रार्थनेत तुमचं आणि लेकरांचं नाव घेतो.

कृपेने_जिवंत

ताई, तुमचं दुःख मोठं आहे, त्यापुढे मी बोलणं शोभत नाही. तरी एक विनंती करतो, साक्ष द्यायची पद्धत मोडू नका.

मी जालन्याकडचा. ऐन तारुण्यातली वर्षं दारूत घालवली. बायको पोरांना घेऊन माहेरी निघून गेली होती. आमच्या गल्लीत बुधवारी घरगुती प्रार्थना असायची, तिथे आई मला ओढून न्यायची. तिथे एका माणसाने उठून सांगितलं, मी पीत होतो, प्रभूने सोडवलं. साधा हमाल माणूस, दोन वाक्यं बोलून बसला. पाळकाचे उपदेश मी कितीतरी ऐकले होते, त्यातलं काही आत गेलं नव्हतं. हे गेलं, कारण तो माझ्यासारखाच होता. आज मी गप्प बसलो, तर बाकावर बसलेल्या कुठल्या तरी पिणाऱ्याला कळणार कसं की सुटका होते म्हणून?

नगरची_लेक

दादा, तुम्ही बोलायलाच हवं. बंद करा असं माझं म्हणणं मुळीच नाही. तुम्हाला त्या हमालाचं ऐकून बळ आलं, कारण तो तुमच्यासारखा होता. मग माझ्यासारख्यांसाठीही कुणीतरी आमच्यातलं उठायला नको का? एवढंच म्हणते आहे.

वचनावर_उभा

बहिणी, सांत्वन असो. पण वचन स्पष्ट आहे. मार्क ११:२४ वाचा. प्रार्थनेत जे मागाल ते मिळालंच आहे असा विश्वास धरा. रोमकरांस ८:२८ वाचा. देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. आपण मंडळीत पराभवाच्या गोष्टी सांगू लागलो तर नव्या विश्वासणाऱ्यांचं मन खचेल. सैतानाला तेच हवं आहे.

मिरजेची_सिस्टर

वचनावर_उभा भाऊ, नवऱ्याला माती देऊन आलेल्या बाईच्या तोंडून ‘पराभव’ हा शब्द आलेला नाही. तुम्ही तो आणलात. मला ते खटकलं, म्हणून सांगून टाकते.

मी नर्स आहे. मिरजेत शिकले. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली इथे सुरू केलेल्या दवाखान्यामुळे या गावाला सगळा दक्षिण महाराष्ट्र ओळखतो, आणि आमच्या घरात दोन पिढ्या नर्सिंगच्याच. आयुष्यातल्या अर्ध्या रात्री वॉर्डात गेल्या. मरताना माणसं कशी असतात ते पाहिलंय, म्हणून बोलते. मोठा विश्वास असलेली माणसंही घाबरतात. चर्चचे वडील म्हणून मिरवलेला माणूस आईला हाका मारताना मी पाहिला आहे. त्यात विश्वास कमी पडला असं मला कधी वाटलं नाही. शरीराला भीती वाटते, ते शरीराचं काम आहे.

एक आजोबा होते, फुफ्फुसांचा आजार, ऑक्सिजनवर. रात्री मला खूण करून बोलावलं आणि "आमच्या स्वर्गातील बापा" म्हणायला लागले. श्वास पुरेना. "तुझी इच्छा" इथे येऊन थांबले. पुन्हा सुरुवातीपासून म्हणाले, पुन्हा तिथेच थांबले. मग मी त्यांचा हात धरून पुढचं म्हटलं, आणि ते नुसते ओठ हलवत राहिले. सकाळपर्यंत असं किती वेळा झालं कोण जाणे. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा आला, त्याला सांगितलं. तो म्हणाला, सिस्टर, आई गेल्यापासून बाबा चर्चला येत नव्हते. म्हणजे बघा.

नगरच्या ताई, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच, की कधी कधी आपली प्रार्थना दुसऱ्याने पुरी करावी लागते. तुम्हाला आत्ता म्हणवत नसेल तर नका म्हणू. रात्री दोनच्या त्या काकू अजून म्हणत असतीलच.

आणि एक गोष्ट या धाग्यावर स्पष्ट लिहून ठेवते, कारण हे खूप लोक वाचतात. प्रार्थना करा म्हणून इन्सुलिन बंद करा, फिटच्या गोळ्या सोडा, केमो घेऊ नका, असं सांगणारा कुणी भेटला तर त्याचं ऐकू नका, तो कितीही मोठ्या सभेत बोलत असो. गोळ्या सोडून वॉर्डात आलेली माणसं मी हाताळली आहेत. बायबलमध्येच पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून लिहिलं, आणि लूक तर वैद्यच होता. औषध घेणं हा अविश्वास नाही. तसंच, कुणी गेल्यानंतर महिनोन् महिने झोप नाही, जेवण नाही, जगावंसं वाटत नाही, असं होत असेल तर मनाच्या डॉक्टरकडे जायला लाजू नका. पाळकसाहेबांकडेही जा, डॉक्टरकडेही जा.

केडगावकडची

माझं आजोळ केडगावजवळ, दौंड तालुक्यात. आजीचं बालपण पंडिता रमाबाईंनी उभारलेल्या मुक्ती मिशनच्या आवारातच गेलं. त्यामुळे रमाबाई म्हटलं की आमच्याकडे घरच्या माणसाबद्दल बोलल्यासारखं बोलतात. ताईंचा प्रश्न वाचला आणि पहिल्यांदा त्याच आठवल्या.

शाळेत आपल्याला रमाबाई शिकवतात त्या ‘समाजसुधारक’ म्हणून, विधवांसाठी शारदासदन काढणाऱ्या. त्यांच्या आयुष्यातली मरणं कुणी ओळीने मांडून दाखवत नाही. मी मांडते. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात वडील गेले, अनंतशास्त्री डोंगरे. त्यांच्यामागे थोड्याच काळात आई आणि बहीण. सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत हिंडणारं. अन्न मिळेना म्हणून खचत गेलं. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं अर्धा देश पायी तुडवत कलकत्त्याला पोचले, तर १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न. १८८२ च्या सुरुवातीला कॉलऱ्याने नवराही गेला. पदरात मनोरमा, वर्षाचीही झालेली नव्हती. रमाबाईंचं वय तेव्हा चोवीसही पुरं नव्हतं.

बाप्तिस्मा त्यानंतर, १८८३ मध्ये, इंग्लंडात वाँटेजला. म्हणजे बाई ख्रिस्ताकडे आल्या त्या सुखातून आल्या नाहीत, आणि आल्यावर सुख लागलं असंही नाही. पुण्यात शारदासदनावर धर्मांतराचं वादळ उठलं, ज्यांनी आधार दिला होता ते मोठमोठे लोक बाजूला झाले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, टाकून दिलेल्या मुली, विधवा यांना घेऊन आल्या. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही आणल्या. ज्या दुष्काळाने आपले आईबाप खाल्ले त्याच्याच तोंडात पुन्हा हात घालायचा, हे मला आजही विचार करून झेपत नाही.

आता खरं सांगायचंय ते शेवटच्या वर्षाचं. मनोरमाबाई मोठ्या होऊन आईचा उजवा हात झाल्या होत्या. पुढे मुक्ती त्यांनीच सांभाळायची होती. १९२१ मध्ये त्या गेल्या. चाळीस वर्षांची एकुलती एक लेक. रमाबाईंचे कान तोवर फारसे काम देत नव्हते, तब्येत ढासळली होती. हातात काम होतं बायबलच्या मराठी भाषांतराचं. हिब्रू आणि ग्रीक शिकून, मूळावरून, वर्षानुवर्षं चाललेलं. मुक्तीच्या छापखान्यात तिथल्याच बायका खिळे जुळवायच्या. लेकीला माती देऊन रमाबाई पुन्हा त्या कामाला बसल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्याही गेल्या. त्यांचं बायबल छापून बाहेर आलं १९२४ मध्ये, ते त्यांनी पाहिलं नाही.

ताई, लेक वाचावी म्हणून रमाबाईंनी प्रार्थना केली नसेल का? त्यांनी आणलेल्या त्या शेकडो मुलींनी केली नसेल का? एवढी प्रार्थना करणारं आवार तेव्हा महाराष्ट्रात दुसरं नसेल. मनोरमाबाई तरी गेल्या. म्हणून मला ‘विश्वास कमी पडला’ हे वाक्य कुणी बोललं की राग येतो. रमाबाईंचा कमी पडला असं म्हणायची कुणाची छाती आहे?

त्या कशाच्या आधारावर उठून कामाला बसल्या, हे मला ठाऊक आहे असा दावा मी करत नाही. आजी म्हणायची, बाईंना रडायला वेगळी खोली नव्हती, पोरींच्या गराड्यातच रडायच्या आणि पोरीच त्यांना जेवायला घालायच्या. आजीनेही ते तिच्या मोठ्यांकडून ऐकलेलं. पण मला ते पटतं. एकटीने विश्वास धरायचा नव्हता त्यांना. आवार धरून होतं.

नगरची_लेक

केडगावकडची, तुमचं दोनदा वाचलं. मनोरमाबाईंचं मला माहीतच नव्हतं. आमच्या शाळेच्या हॉलमध्ये रमाबाईंचा फोटो होता, त्याखाली नुसतं जन्म-मृत्यूचं साल.

मस्कतहून

मी वेगळ्या नावेत आहे, तरी लिहितो. इथे नोकरीला आहे. करोनात कंपनीने पगार अर्धा केला आणि मग कामावरूनच काढलं. त्याच काळात गावी वडील वारले. विमानं बंद. माती व्हिडिओवर पाहिली, तीही मध्येच नेट गेलं. त्यानंतर मी प्रार्थना करायची सोडून दिली. इथे शुक्रवारी उपासना असते, मित्र नेतात म्हणून जातो, बसतो, येतो.

आई रोज फोनवर विचारते, प्रार्थना केलीस का? मी नाही म्हणतो. ती म्हणते बरं, मी केली आहे दोघांची. रागावत नाही, समजावत नाही. मिरजेच्या सिस्टरनी लिहिलंय ना दुसऱ्याने प्रार्थना पुरी करायचं, ते वाचून आईच डोळ्यांपुढे आली. मला विश्वास आहे की नाही ते मला आज सांगता येत नाही. आईचा आहे, आणि त्यात माझं नाव आहे. सध्या तेवढ्यावर भागवतो आहे.

वचन_वाचक

वचनावर_उभा भावांनी वचनं दिली आहेत, तर वचनांवरच बोलू. मी पाळक नाही. रविवार शाळेत मोठ्या मुलांना शिकवतो, त्यामुळे हे प्रश्न मला दर वर्षी पोरं विचारतात.

मार्क ११:२४ खरं आहे. पण त्याच मार्कात, तीनच अध्याय पुढे, गेथशेमाने बाग आहे. हा प्याला माझ्यापासून दूर कर, असं प्रभूने स्वतः मागितलं. तीनदा जाऊन प्रार्थना केली. प्याला दूर झाला नाही. आता ‘मागितलं आणि मिळालं नाही म्हणजे विश्वास कमी’ हा नियम लावायचा तर तो पहिल्यांदा कुणाला लागतो ते बघा. पौलानेही शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा राहिला. माझी कृपा तुला पुरे आहे, एवढं उत्तर मिळालं.

लेकरं, घरदार, तब्येत सगळं गमावलेल्या ईयोबाचे तीन मित्र आपण फार वाईट समजतो. पण ते आले तेव्हा सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. तेवढा भाग त्यांचा उत्तम होता. तोंड उघडलं तेव्हापासून बिघडलं, आणि तोंड उघडून ते बोलले ते सगळं धार्मिकच होतं. देव न्यायी आहे, तूच काहीतरी केलं असशील, पश्चात्ताप कर. शेवटच्या अध्यायात देव रागावतो तो या मित्रांवर. देवाला जाब विचारणारा, जन्मदिवसाला शाप देणारा ईयोब, तो माझ्याविषयी नीट बोलला असं देव म्हणतो. मुलांना हे वाचून दाखवतो तेव्हा ती चकित होतात. चर्चमध्ये मित्रांसारखं बोललेलं चालतं, ईयोबासारखं बोललेलं चालत नाही, हे त्यांच्याही लक्षात आलेलं असतं.

स्तोत्रसंहितेत तर देवाकडे गाऱ्हाणं घालणारी स्तोत्रं ढिगाने आहेत. बहुतेकांचा शेवट स्तुतीकडे वळतो. १३ वं घ्या, "कोठवर" "कोठवर" असं विचारत सुरू होतं आणि सहा ओव्यांत गाण्यापर्यंत येतं. पण ८८ वं वळतच नाही. सुरुवातीला देवाला तारणारा म्हणतं, रात्रंदिवस ओरडतो म्हणतं, आणि अंधारात संपतं. ते कुणी काढून टाकलं नाही. मंदिरात गायलं जायचं.

आणि ताईंच्या नेमक्या प्रश्नाचं उत्तर, माझ्या मते, इब्री लोकांस पत्राच्या ११ व्या अध्यायात आहे. विश्वासवीरांचा अध्याय म्हणून आपण तो पाठ करतो, वार्षिक सभेला वाचतो. हाबेल, नोहा, अब्राहाम, मोशे. सिंहांची तोंडं बंद केली, आगीची शक्ती नाहीशी केली, तलवारीपासून सुटले, स्त्रियांना आपली मेलेली माणसं परत जिवंत मिळाली. इथपर्यंत सगळ्या आपल्या रविवारच्या साक्षी आहेत. ३५ वी ओवी अर्धी झाली आहे. आणि त्याच ओवीच्या उरलेल्या अर्ध्यात, नवा परिच्छेद न करता, लेखक म्हणतो की काहींचा छळ झाला, काहींना चाबूक बसले, बेड्या पडल्या, दगडमार झाला, करवतीने चिरलं, मेंढरांची कातडी पांघरून रानोमाळ भटकले. सुटलेले आणि न सुटलेले, दोघांबद्दल एकच शेरा: विश्वासाने यांच्याविषयी चांगली साक्ष मिळाली, तरी वचन दिलेलं यांना मिळालं नाही. हा शेरा ३९ व्या ओवीत आहे. आपण वाचन बहुतेक वेळा ३४ वर किंवा ३५ च्या मध्यावर थांबवतो.

तेव्हा ताई मागतायत ते नवीन काही नाही. अध्याय पुरा वाचा, एवढंच त्या म्हणतायत.

वचनावर_उभा

वचन_वाचक, इब्री ११ मला मान्य आहे. पण प्रार्थनेत धीटपणाने मागावं या मतावर मी आहे आणि राहीन. याकोबाच्या पत्रात संशय धरणाऱ्याबद्दल काय लिहिलंय तेही वाचा. मंडळीने मागायचं थांबवलं तर उद्या एखादा बरा होणारा राहून जाईल.

ताई, तुमच्यासाठी प्रार्थना करतो आहे. हे वाद म्हणून लिहीत नाही.

वसईचा_धाकटा

आम्ही कॅथलिक, त्यामुळे उपासनेत उठून साक्ष देण्याची पद्धत आमच्या मिस्सात, म्हणजे आमच्या उपासनेत, नाही. म्हणून हा धागा लांबूनच वाचत होतो. पण दुःखाला जागा देण्याबद्दल बोलणं चाललंय तर आमच्याकडचं सांगतो.

आमच्या गावात कुणी गेलं की रोज संध्याकाळी त्या घरी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, असते. अंगणात चटया, खुर्च्या, आळीतली झाडून सगळी माणसं. कुणी भाषण करत नाही. कुणी समजूत घालत नाही. रोझरीचे शब्द ठरलेले असतात, त्यामुळे काय बोलावं हा प्रश्नच पडत नाही. माझा भाऊ बुडून गेला तेव्हा मी कॉलेजात होतो. त्या संध्याकाळी मला देवाबद्दल काय वाटत होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण पन्नास माणसं अंगणात बसून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणतायत, आणि मी म्हटलं नाही तरी ती थांबत नाहीत, याचा आधार झाला. नंतर महिन्याची मिस्सा, वर्षाची मिस्सा. २ नोव्हेंबरला मृतांचा दिवस. आदल्या दिवशीच कबरी धुवून, गवत काढून ठेवायच्या, मग फुलं आणि मेणबत्त्या. आई भावाच्या कबरीवरचं गवत अजून स्वतःच्या हाताने काढते, कुणाला लावू देत नाही. लोक विसरायचा आग्रह करत नाहीत. उलट दर वर्षी आठवायचा दिवस नेमून दिलेला आहे.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात दर शुक्रवारी क्रुसाची वाट असते, येशूच्या शेवटच्या वाटचालीची चौदा स्थानं. तिसऱ्या स्थानावर येशू पडतो. सातव्यावर पुन्हा पडतो. नवव्यावर तिसऱ्यांदा पडतो. लहानपणी वाटायचं, तेच तेच कशाला? भाऊ गेल्यावर कळलं कशाला ते.

पुस्तकी उत्तर नको असं ताईंनी लिहिलंय, पण वाचायला काही हवं असेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ घरात ठेवा. त्याला साहित्य अकादमीचं अनुवादाचं पारितोषिक मिळालं आहे. झोप येत नाही त्या रात्री त्यातली स्तोत्रं वाचता येतात, भाषा कुठे अडत नाही. फादर २०२४ च्या जुलैत गेले. त्या दिवशी वसईत जात-धर्म न बघता माणसं रडली.

सेवानिवृत्त_मास्तर

लेकी, मी नगर जिल्ह्यातलाच. मिशन शाळेत आयुष्य गेलं.

केडगावच्या बाईंनी रमाबाई सांगितल्या, मी लक्ष्मीबाई टिळक सांगतो. त्यांचे यजमान कवी नारायण वामन टिळक, त्यांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना न विचारता. बाईंच्या डोक्यावर आभाळ कोसळलं. लेकराला घेऊन त्या पुढची काही वर्षं नवऱ्यापासून दूर नातेवाइकांत राहिल्या. तेव्हा त्यांनी देवाला किती बोल लावले ते त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो कुणाच्या दबावाने नाही. मनातली एकेक गाठ स्वतः सोडवत तिथवर आल्या, आणि त्याला लागायची तेवढी वर्षं लागू दिली. नंतरचा संसार तरी सुखाचा कुठला? टिळक हातातलं देऊन मोकळे व्हायचे, आणि संध्याकाळी चुलीवर काय ठेवायचं ते बाईंनी बघायचं. १९१९ मध्ये टिळक गेले. येशूच्या जीवनावरचं त्यांचं काव्य ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं होतं. ज्यांना कुणी शाळेत घातलं नव्हतं त्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे लिहायला घेतलं. ‘उपासना संगीत’ या आपल्या गीतपुस्तकात टिळकांची कितीतरी गीतं आहेत. आपण ती टाळ-पेटीवर आनंदाने म्हणतो. ती ज्या घरात लिहिली गेली त्या घरातल्या बाईने काय सोसलं, हेही गाताना आठवावं.

तुला घाई कशाची आहे? गेल्या पावसाळ्यात धनी गेलेत. साक्ष द्यायची तर पाच वर्षांनी दे. लक्ष्मीबाईंनी तेवढा वेळ घेतला. ‘मी अजून इथे आहे’ एवढंच आज सांगावंसं वाटत असेल तर आज सांग. तेही पुरेसं आहे.

नगरची_लेक

सगळ्यांचं वाचलं. मास्तर, तुमचं वाचून खूप रडले.

कृपेने_जिवंत दादांना विशेष सांगते, तुमची दारू सुटली त्याचा मला आनंद आहे, आणि तुमची पोरं घरी परत आली का ते तुम्ही लिहिलं नाहीत, ते लिहा.

रात्री दोनच्या काकूंना काल भेटून आले. सिस्टर म्हणाल्या ते खरं निघालं. काकूंनी वेळ सोडलेली नाही. मी विचारलं, आता कशासाठी करता, ते तर गेले. तर म्हणाल्या, तेव्हा त्याच्यासाठी करत होते, आता तुझ्यासाठी करते. मग विचारलं, तुमचं मागणं देवाने ऐकलं नाही याचा राग नाही आला? म्हणाल्या, आला की. त्या रात्री मी त्याला खूप बोलले. पण दुसऱ्याकडे जाऊ कुणाकडे? योहानाच्या सहाव्या अध्यायात पेत्र हेच म्हणतो ना, प्रभुजी, आम्ही कोणाकडे जाणार. काकूंना ते वचन म्हणून आठवलं असेल की नाही कोण जाणे. चिवडा पुढे करत त्या बोलून गेल्या.

एक ठरवलंय. आमच्याकडे उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. दोन उद्गार महिला मंडळाकडे असतात, बहुतेक "पाहा, हा तुझा मुलगा" आणि "मला तहान लागली आहे". यंदा मी चौथा मागणार आहे. "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" मला त्यावर उपदेश करायचा नाही. आमच्या घरात काय झालं ते सांगायचंय, आणि बाकावरच्या त्या दोघींना विचारून, त्या हो म्हणाल्या तर त्यांचंही. कुणी हा उद्गार घेतला असेल तर कसं करावं ते सांगा.

कृपेने_जिवंत

ताई, आली. पोरगी आता बारावीला आहे. चौथा उद्गार नक्की घ्या. मी जालन्याहून ऐकायला येतो, तुमच्या चर्चचा पत्ता खाजगी निरोपात कळवा.

वचन_वाचक

मी दोनदा घेतला आहे, म्हणून सांगतो. चौथा उद्गार पाळकसाहेब बरेचदा स्वतःकडे ठेवतात, तेव्हा यादी व्हायच्या आधी, उपवासकाळ लागायच्या सुमारासच जाऊन बोला. प्रत्येकाला पंधरा मिनिटं म्हणतात, पण तिसरा बोलणारा हमखास लांबवतो आणि चौथ्याची वेळ कापली जाते. म्हणून दहा मिनिटांचंच लिहून न्या, मोठ्या अक्षरात. शास्त्रपाठ २२ वं स्तोत्र ठेवा, कारण उद्गार तिथलाच आहे, आणि वाचायला दुसरं कुणीतरी घ्या, म्हणजे तुमचा आवाज तेवढा वेळ वाचेल. उद्गारानंतरचं गीत कोणतं ते कोयरला तुम्हीच सांगा. नाहीतर ते आनंदाचं उचलतात.

त्या दोघींना मात्र आधीच विचारून ठेवा. नाव घेतलेलं चालेल का, तेही.